केमोच्या दिवसांत ताप आला तर : कॅन्सर आणि कोविड, खान्देशातल्या घरांसाठी

देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मिळून एक हिशेब मांडला होता. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत त्यांच्याकडे १ लाख १२ हजारांवर नवे रुग्ण नोंदवले गेले. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत हा आकडा ५२ हजारांच्या आत आला. मोठ्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या आणि केमोच्या खेपा ३७ टक्क्यांनी घटल्या. कॅन्सर काही तेवढ्या दिवसांत कमी झाला नव्हता. माणसं घरी बसली होती, गाड्या बंद होत्या आणि ज्यांना जाता आलं असतं तीही घाबरून गेली नाहीत.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून कॅन्सरच्या उपचारासाठी अनेकांना नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठावी लागते, तेव्हा हे नुकसान आपल्याला जास्त बसलं. महामारीची आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी संपवली, पण विषाणू गेला नाही. दरवर्षी तो कधी ना कधी डोकं वर काढतो आणि केमो चालू असलेल्या घरात तेव्हा फोन सुरू होतात : "आईला ताप शे, उद्याची तारीख शे, आते काय करानं?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांसोबत दवाखान्यांच्या रांगांत उभं राहून, त्यांच्या फायली सांभाळून जे कळत गेलं आणि तज्ज्ञांनी जे वेळोवेळी समजावलं, ते इथे क्रमाने मांडतो. औषधांचे निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचेच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचेच राहतील. त्यांच्यापर्यंत वेळेत आणि योग्य माहितीसह पोहोचणं हे आपलं काम, आणि बरंचसं तिथेच चुकतं.

आधी मनातली भीती : कोविडमुळे कॅन्सर होतो का?

काही विषाणू खरोखर कॅन्सर घडवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही, यकृताच्या कॅन्सरमागे हिपॅटायटिस बी आणि सी, काही लिम्फोमांमागे एपस्टाईन-बार. हे विषाणू शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडतात. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी तर आपली जनुकं पेशीच्या डीएनएमध्ये घुसवू शकतात. कोरोना हा आरएनए विषाणू आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो काही आठवड्यांत निघून जातो, आणि निरोगी माणसात तो कॅन्सर सुरू करतो असा पुरावा आजवर मिळालेला नाही. कोविशील्ड आणि कोवॅक्सिन या लसींबद्दलही हेच. लस घेतल्यावर वर्षभराने एखाद्याला कॅन्सर निघाला म्हणजे लसीने तो दिला असं होत नाही. शंभर कोटींहून जास्त डोस दिलेल्या देशात लस आणि कॅन्सर एकाच माणसाच्या वाट्याला येणं अटळच आहे.

एक गोष्ट मात्र ज्यांचा कॅन्सर बरा झाला आहे त्यांनी लक्षपूर्वक वाचावी. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी उपचारानंतरही फुफ्फुसात निद्रिस्त राहू शकतात. उंदरांमध्ये इन्फ्लुएन्झा किंवा कोरोनाचा संसर्ग झाल्यावर या पेशी जाग्या होऊन वाढू लागल्या. संसर्गातल्या दाहात तयार होणारा आयएल-६ हा पदार्थ त्यामागे होता. त्याच संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कॅन्सर होऊन गेलेल्या ज्या लोकांना कोविड झाला त्यांच्यात कॅन्सरने मृत्यू होण्याचं आणि स्तनाचा कॅन्सर फुफ्फुसात पसरण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याउलट २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाला उंदरांमध्ये उलटं चित्रही दिसलं : गंभीर कोविडमध्ये तयार होणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी गाठी लहान केल्या. म्हणजे विषय अजून उलगडतो आहे. यातून घरी घ्यायचा अर्थ एवढाच की, कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाने कोविड आणि फ्लू टाळण्याचा प्रयत्न करावा आणि झालाच तर पुढची फॉलोअपची तारीख अजिबात चुकवू नये. "कोरोनाने गाठी विरघळतात" असा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो पुढे पाठवू नका.

जाता जाता : ज्या विषाणूंमुळे कॅन्सर होतो त्यांतल्या दोघांवर लस आहे. हिपॅटायटिस बीची लस बाळांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि एचपीव्हीची भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांना जरूर विचारा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांना ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कुणाला धोका जास्त

२०२० च्या मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये अमेरिका, कॅनडा आणि स्पेनमधल्या ९२८ कॅन्सर रुग्णांची माहिती आली. कोविड झाल्यावर त्यांच्यातले १३ टक्के महिनाभरात दगावले. हे लस येण्याच्या आधीचे आकडे आहेत, आज धोका बराच कमी झाला आहे, पण कुणाला जास्त हा क्रम फारसा बदललेला नाही. वय जास्त, कॅन्सर सध्या सक्रिय किंवा वाढत असलेला, अंथरुणाला खिळलेली अवस्था, धूम्रपान, सोबत मधुमेह किंवा हृदयाचा आजार. रक्ताचे कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांचे रुग्ण सगळ्यांत नाजूक, आणि त्यातही रिटुक्सिमॅब हे औषध घेतलेले किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले. यांच्या शरीरात विषाणू काही आठवडे, कधी काही महिनेही टिकून राहतो.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८०० रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरांनी मुद्दाम तपासलं की, कोविडच्या आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतल्यामुळे मृत्यू वाढतात का. वय आणि इतर आजार हिशेबात धरल्यावर तसं दिसलं नाही. "कोरोना चालू आहे म्हणून केमो बंद करा" असं सांगणाऱ्या नातेवाइकाला हे सांगा. उलट बाजूही मोजली गेली आहे : उपचार चार आठवडे लांबला तर बऱ्याच कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या मोठ्या आढाव्याने दाखवलं.

पायरी पहिली : ताप यायच्या आधीची तयारी

ही तयारी पहिल्या केमोच्या आठवड्यातच करून ठेवा. ताप नेहमी रात्री किंवा रविवारी येतो, असंच वाटतं.

डिजिटल थर्मामीटर घ्या, ऐंशी-शंभर रुपयांचं चालतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातच ४० अंशांच्या पुढे उकडतं. खिडकीच्या कठड्यावर किंवा पत्र्याखालच्या फळीवर पडलेलं थर्मामीटर गरम होऊन बसतं, म्हणून ते गारव्याला, माठाजवळ ठेवा. उन्हातून आलेल्या माणसाला अर्धा तास सावलीत बसवून मगच ताप बघा. तोंडात छाले असतील तर काखेत लावा, पण डॉक्टरांना "काखेतला आहे" हे सांगा, कारण तो तोंडातल्यापेक्षा थोडा कमी भरतो. गुदद्वारातून ताप मोजू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

ऑक्सिमीटर असेल तर चांगलंच. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, काळ्यासावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. शिवाय रक्तच कमी असेल, केमोत ते बहुतेकांचं असतं, तर ९८ दिसूनही माणसाला दम लागतो. म्हणून आकड्याबरोबर माणसाकडेही बघा. नंदुरबार भागातल्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. रुग्णाला तो असेल तर फायलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

फाइल. यावर थोडा वेळ घालवतो, कारण अनोळखी डॉक्टरसमोर अर्ध्या रात्री हीच बोलते. एका कागदावर मोठ्या अक्षरात : कॅन्सर कोणता, कोणत्या टप्प्याचा, केमोच्या औषधांची नावं, शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली, पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) आहे का, शेवटच्या सीबीसीतले (रक्तपेशींच्या तपासणीतले) पांढऱ्या पेशींचे आणि प्लेटलेट्सचे आकडे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, बीपी-शुगरच्या गोळ्या, कोविड लसीच्या तारखा. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. मुलगा पुण्याला आणि फाइल त्याच्या बॅगेत, ही तऱ्हा आपल्याकडे नवी नाही.

आणि एक प्रश्न केमोच्या डॉक्टरांना तोंडावर विचारून उत्तर लिहून घ्या : "रात्री ताप आला तर आम्ही कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा?" मुंबईचा दवाखाना चारशे किलोमीटरवर आहे. धडगाव-मोलगीच्या पाड्यावरून तर नंदुरबारला पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. तेव्हा जवळचं ठिकाण आधीच ठरलेलं हवं : धुळ्याचं किंवा जळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर चोवीस तास फिजिशियन आणि रक्ततपासणी असलेलं खासगी रुग्णालय. पाड्यावर रेंज नसेल तर आशाताईंना आधीच सांगून ठेवा. १०८ ची गाडी कुठपर्यंत येते आणि त्यापुढे रुग्णाला कशाने न्यायचं, हेही एकदा बोलून घ्या.

पायरी दुसरी : ताप दिसला तो तास

१००.४ फॅरनहाइट. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. केमो चालू असलेल्या माणसाला एवढा किंवा याहून जास्त ताप तासभर टिकला, किंवा एकदाच १०१ भरला, तर ती तातडीची वेळ आहे, मग तो कोविडचा असो की नसो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी झालेल्या असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या तर साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. अशा रुग्णाला दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळायला हवं, अशी जगभरची शिफारस आहे.

इथे कोविडने मोठा घोळ घालून ठेवला आहे. २०२० पासून आपल्या डोक्यात बसलं की ताप आला म्हणजे घरी राहायचं, वेगळं बसायचं, पॅरासिटामॉल घ्यायची आणि पाच दिवस वाट पाहायची. सुदृढ माणसासाठी ते ठीक होतं. केमोच्या रुग्णाने पाच दिवस वाट पाहिली तर कोविड निघो वा न निघो, जिवावर बेतू शकतं. म्हणून क्रम असा ठेवा.

ताप मोजा आणि वेळेसह लिहा. पॅरासिटामॉल देण्याआधी फोन करा, कारण गोळीने ताप उतरला की डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सगळं ठीक वाटतं, आत मात्र संसर्ग चालूच राहतो. डॉक्टरांनी सांगितलं तर गोळी द्या. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो.

गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन आणि एक सलाईन, ही आपल्याकडची पहिली धाव. केमोच्या रुग्णासाठी ती टाळा. प्लेटलेट्स कमी असताना स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळतं, पांढऱ्या पेशी कमी असतील तर तिथेच गळू होतं. गावातले डॉक्टर चांगल्या मनाने देतात, त्यांना फक्त "केमो चालू आहे, कमरेत नको, आम्ही पुढे जातोय" एवढं सांगा. ते ऐकतात, बहुतेक वेळा गाडीची सोयही करून देतात.

दवाखान्यात पोहोचताच रांगेत उभे राहू नका. खिडकीवर, नर्सला, जो भेटेल त्याला पहिलं वाक्य हेच : "कॅन्सरचा रुग्ण आहे, अमुक तारखेला केमो झाली, ताप आहे." वरचा कागद हातात द्या. कोविडच्या लाटेत अशा रुग्णांना आधी कोविड तपासणीच्या रांगेत तासन्तास बसवलं गेलं. कोविडची तपासणी व्हायलाच हवी, पण अँटिबायोटिक तिच्या रिपोर्टसाठी थांबू नये, हे नम्रपणे पण ठामपणे बोला.

कोणत्या तपासण्या होतील याची कल्पना असू द्या : सीबीसी, रक्ताचं कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघणं, कोविडची रॅपिड अँटिजेन. रॅपिड निगेटिव्ह आली आणि खोकला, घसादुखी, दम असेल तर आरटीपीसीआर. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत खान्देशात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड हे तिघेही फिरत असतात, सातपुड्याच्या पायथ्याला मलेरिया जास्त. डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात आणि केमोतही, म्हणून एकाच रिपोर्टवरून कुणी "हे केमोमुळेच" म्हणालं तरी डेंग्यूची तपासणी करा म्हणावं.

ताप नसला तरी पुढचं काही दिसलं तर थांबू नका : ऑक्सिजन ९४ च्या खाली, बोलताना दम, ओठ निळसर, गोंधळलेलं बोलणं, लघवी कमी होणं, एकाच पायाला सूज किंवा छातीत अचानक कळ. शेवटची दोन लक्षणं रक्ताच्या गुठळीची असू शकतात. कॅन्सरमध्ये गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त, कोविडमध्ये तो आणखी वाढतो. ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर १०८ ला फोन.

पायरी तिसरी : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला

त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टला कळवा. तीन-चार दिवसांनी कळवलं तर विषाणूविरोधी औषधाची वेळ निघून जाते. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू व्हाव्या लागतात. रेमडेसिव्हिरचे तीन दिवसांचे डोस सौम्य आजारातही पहिल्या सात दिवसांत उपयोगी पडतात. यातलं रिटोनाव्हिर कॅन्सरच्या अनेक औषधांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवतं : इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स, व्हिन्क्रिस्टिन ही त्यांतली काही. म्हणून कोविडचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना कॅन्सरच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा आणि दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं करून द्या.

केमोच्या बाबतीत साधारण पद्धत अशी : आजार सौम्य असेल तर लक्षणं सुरू होऊन निदान दहा दिवस झाले आणि ती निवळली की पुढचं सायकल, म्हणजे केमोची पुढची खेप, गंभीर झाला असेल किंवा रक्ताचा कॅन्सर असेल तर वीस दिवस किंवा अधिक. आरटीपीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत केमो अडवून ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते. विषाणूचे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे तपासणीत सापडत राहतात. कुठे असं अडवलं जात असेल तर पर्याय विचारा.

रेडिएशनचं गणित वेगळं आहे आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त. या दोन्हींत रेडिएशनमध्ये पडलेला खंड महागात पडतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सगळं रेडिएशन आठ आठवड्यांत संपावं असा दंडक आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये एकेक दिवस वाढला तरी गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्क्याने घटते. कोविड झाला तरी अनेक केंद्रं दिवसाच्या शेवटी, वेगळ्या वेळेत रेडिएशन चालू ठेवतात. "आम्हाला शेवटची वेळ देता येईल का, चुकलेले दिवस कसे भरून काढणार?" हे तुम्हीच विचारा. रुग्ण धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत एकटा असेल तर गावी परत नेण्याची घाई करू नका. गावी आला की परत जायला पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्यात खंड पडतो.

शस्त्रक्रियेबाबत २०२१ मध्ये शंभराहून अधिक देशांतल्या १ लाख ४० हजार रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात कोविडनंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास धोका जास्त दिसला. ती बहुतांशी लसीच्या आधीची माणसं होती. आता सौम्य कोविड झालेल्या, लस घेतलेल्या रुग्णासाठी सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून लवकरची तारीखही ठरवतात. कॅन्सर किती वेगाने वाढतो आहे यावर ते अवलंबून.

टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या रोजच्या गोळ्या सौम्य कोविडमध्ये सहसा चालूच राहतात. टॅमॉक्सिफेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, म्हणून रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर ती घेतो हे सांगायला विसरू नका. रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिबसारखी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी काय देऊ नये

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड गल्लोगल्ली वाटली गेली. डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे खरं, पण ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचे. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. कॅन्सरच्या रुग्णाला उगाच स्टेरॉइड मिळाली तर उरलीसुरली प्रतिकारशक्ती जाते, साखर वाढते आणि म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीला वाट मिळते. गालावर सूज, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, डोळ्याभोवती दुखणं ही त्याची लक्षणं. एका दिवसाचाही उशीर नको.

गुळवेल घराघरात उकळली गेली. २०२१ मध्येच मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात, तेव्हा काढा, भस्म, "इम्युनिटी"ची पावडर यांतलं काहीही ऑन्कोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय नको. तुळस-आल्याचा साधा चहा प्यायला हरकत नाही.

जेवणाचं म्हणाल तर ताजं शिजवलेलं आणि गरम. मुगाची खिचडी, वरण, कढी, उकडलेलं अंडं, मऊ भाकरी दुधात कुस्करून. तोंडात छाले असतील तर ठेचा आणि शेवभाजीची तर्री काही दिवस बाजूला. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची मेथी, कांद्याची पात, बाहेरचा ऊस-रस नको. रावेर-यावलची केळी उत्तम, साल जाड असते, फक्त आधी धुऊन घ्या. किडनीचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र केळीही विचारून.

पायरी चौथी : कोविड गेला, पुढे काय बघायचं

कोविडनंतर महिनोन्महिने थकवा, खोकला, वजन उतरणं, तोंडाला चव नसणं राहतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. याच माहितीने अनेकांचं कॅन्सरचं निदान लांबवलं. "कोविडनंतर असंच असतं" म्हणून माणसं तीन-चार महिने थांबली.

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची टीबीची तपासणी करा. दोन्ही सरकारी दवाखान्यात होतात. खोकल्यात रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आवाज बसून तीन आठवडे झाले, तोंडातला छाला तीन आठवड्यांत भरला नाही, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, गिळताना अडकतं, मानेत न दुखणारी गाठ आहे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली, शौच काळी झाली : यांतलं काहीही कोविडच्या खात्यात टाकू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू, गुटखा, मिसरी अजून आपल्या ओट्या-ओट्यावर आहे. ज्याला ही सवय आहे त्याने आरशासमोर तोंड उघडून महिन्यातून एकदा बघावं. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांची तपासणी आरोग्य केंद्रात होते, कोविडमध्ये चुकलेली ती आता करून घ्या.

आणखी एक काम आहे, ते मी भेटेल त्याला सांगतो. २०२०-२१ मध्ये तुमच्या घरात कुणाचा छातीचा सीटी झाला असेल, तर तो रिपोर्ट आज पेटीतून काढा. तेव्हा सगळ्यांनी फक्त "२५ पैकी स्कोअर किती" एवढंच वाचलं. खालच्या ओळी कुणी वाचल्या नाहीत. फुफ्फुसात छोटी गाठ, म्हणजे नोड्यूल, यकृतावर किंवा किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीवर काही दिसलं, "पुन्हा तपासणी करावी" असं तिथे लिहिलेलं असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. बहुतेक नोड्यूल निरुपद्रवी निघतात, आणि जुनी फिल्म किंवा सीडी जपली असेल तर नव्याशी ताडून बघता येतं. दोन वर्षांत न वाढलेल्या घट्ट नोड्यूलबद्दल डॉक्टर सहसा निर्धास्त होतात.

लस

कॅन्सरच्या रुग्णाला लस चालते. पुढचा डोस हवा का आणि कोणता, हे ऑन्कोलॉजिस्टला विचारा. केमो चालू असेल तर दोन सायकलच्या मधली वेळ ते सांगतील. रिटुक्सिमॅबनंतर सहा महिने तरी शरीर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर लस दुसऱ्या बाजूच्या दंडावर घ्या. लसीनंतर काखेत गाठ येते आणि काही आठवड्यांत जाते, पण तीच गाठ मॅमोग्राफी किंवा पेट-सीटीमध्ये दिसली तर घबराट उडते. तपासणीच्या वेळी लसीची तारीख सांगा. सहा आठवड्यांनीही गाठ राहिली तर दाखवा. रुग्णाला लसीचा फायदा कमी होत असेल तेव्हा घरातल्या बाकीच्यांची लस त्याला जपते, त्यात दरवर्षीची फ्लूची लसही येते.

भेटायला येणारी माणसं

हे लिहायला अवघड आहे, कारण आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपली माया आहे. आखाजीला माहेरवाशिणी येतात, कानबाईच्या वेळी सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. रुग्णाला या दिवसांपासून तोडू नका, एकटेपणानेही माणूस खंगतो. बसायची जागा बदला. ओटा, अंगण, गच्ची. मोकळ्या हवेत विषाणू विरून जातो, धोका बराच कमी होतो. खाट अंगणात टाका, आलेल्यांनी चार हातांवर बसावं, सर्दी-खोकला असलेल्याने फोनवर बोलावं, केमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत गर्दी नको. हे घरातल्या सुनेने सांगितलं तर रुसवा होतो. आप्पांनी किंवा जिभाऊंनी सांगितलं तर सगळे ऐकतात, म्हणून ते काम त्यांच्याकडे द्या.

प्रवास आणि पैसा

भुसावळ-मुंबईच्या गाडीत रुग्णाला एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसणारा. कापडी रुमाल पुरत नाही. जनरल डब्यातून नेऊ नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढावं लागतं. प्रत्येक भेटीत निघण्याआधीच पुढच्या तारखेचं प्रमाणपत्र भरून घ्या. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया बसतात. कोविडमुळे केमोची तारीख पुढे गेली तर आधी मिळालेल्या मंजुरीची मुदत संपू शकते, तेव्हा नवी तारीख मिळाली की त्याच दिवशी रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून ती वाढवून घ्या, रेशनकार्ड आणि आधारची प्रत सोबत ठेवून.